निळ्या खोक्यानंतर

माझी निम्मी नोकरी लोकांच्या तोंडात बघण्यात गेली. 'आ करा, जीभ उचला, आता बोलून दाखवा,' असं मी दिवसातून कितीतरी वेळा म्हणायचो. गोळी खरोखर पोटात गेली की गालात दडवून ठेवली, हे बघण्यासाठी सरकार मला पगार देत होतं. कोल्हापुरातल्या दातांच्या डॉक्टरांनी बघितले नसतील एवढे दात मी बघितले असतील.

संपादकांनी सांगितलं, 'तुमच्या खात्यातल्या गमतीजमती लिहा.' गमती होत्या, नव्हत्या असं नाही. त्या आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायला जमणार नाहीत.

मी क्षयरोगाच्या सरकारी कार्यक्रमात उपचार पर्यवेक्षक होतो. लोक 'टीबीवाले चौगुले' म्हणायचे. नव्वदच्या दशकात सुरुवातीला आमच्याकडे रोग्याला महिन्याच्या गोळ्या कागदात बांधून द्यायची पद्धत होती. रोगी घरी जायचा, दोन महिन्यांत खोकला थांबायचा, अंगावर मांस यायचं आणि गोळ्या फळीवर पडून राहायच्या. या रोगाची खोड अशी की औषध अर्धवट घेतलं तर जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. पुढच्या वेळी त्याच गोळीला दाद देत नाहीत.

म्हणून मग नवी पद्धत आली. दिवसाआड, कुणाच्या तरी डोळ्यांसमोर गोळ्या गिळायच्या. पहिल्यांदा रोग झालेल्याला लाल खोका. एकदा औषध घेऊन पुन्हा आजारी पडलेल्याला निळा खोका, त्यात त्याच गोळ्या, वर आणखी एक गोळी आणि इंजेक्शनं. खोक्यावर रोग्याचं नाव. सहा-आठ महिन्यांचं सगळं औषध पहिल्याच दिवशी त्याच्या नावानं बाजूला निघायचं, मध्येच संपलं असं व्हायचं नाही. एका म्हाताऱ्या शेतमजुराला मी त्याचा खोका दाखवला तेव्हा त्यानं नावावरून बोट फिरवलं. म्हणाला, "सरकारात माज्या नावानं येवढं तरी निघालं म्हनायचं." तो ठणठणीत बरा झाला. असे बरे झालेले पुष्कळ. तो कार्यक्रम खोटा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

कुरुंदवाडला एक धान्याचे व्यापारी होते. त्यांच्या सुनेला टीबी झाला. माझ्या मोटारसायकलच्या टाकीवर कार्यक्रमाचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं, त्यामुळे ती दारात उभी राहिली की गल्लीला सगळं कळणार. सासरे मला म्हणाले, "पावणं, गाडी घाटावर लावत जावा आनि चालत या. कुनी इचारलं तर इम्याचा मानूस हाय म्हनून सांगा." मी सहा महिने विमा एजंट म्हणून त्या घरी गेलो. शेवटी शेजारच्या दोघांनी मला खरंच विम्याबद्दल विचारलं. सून बरी झाली. तिच्या मुलाच्या बारशाचं आमंत्रण आलं ते टपालानं, आणि खाली लिहिलेलं, 'कृपया येऊ नये.' मला हसू आलं, वाईट वाटलं नाही. टीबीवाल्याशी ओळख कोण सांगणार?

दुसरा एक ट्रकवाला. या गोळीनं लघवी तांबडी होते. ते सांगायला मी विसरलो नव्हतो, पण त्यानं ऐकलं नव्हतं. पहिल्या गोळीनंतर तो हायवेवर ट्रक उभा करून दवाखान्यात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "रगात जातंय, माजं सगळं संपलं." बाकावरचे जुने रोगी त्याला म्हणाले, "बस गप, आमचं बी जातंय की."

गमती इथं संपल्या.

उचगावात आनंदा नावाचा एक मोल्डर राहायचा. मोल्डर म्हणजे फौंड्रीत वाळूचे साचे करणारा. ती बारीक वाळू वर्षानुवर्षं छातीत जाते, आणि अशा छातीत टीबी सहज घर करतो. आनंदा माझ्याकडे आला तेव्हा चाळिशीचा असेल. आधी त्यानं तीन-चार खासगी डॉक्टर केले होते. प्रत्येकानं आपापल्या मतानं गोळ्या दिलेल्या, कुणी दोन, कुणी चार. जरा बरं वाटलं की हा कामावर हजर. त्यामुळे नियमानं त्याला निळा खोका लागू झाला.

त्याच्या गल्लीच्या तोंडाशी शिवाप्पा यांची पिठाची गिरणी होती. सीमेकडचं लिंगायत घराणं, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. आम्ही गोळ्या द्यायला गावातलाच एखादा भरवशाचा माणूस नेमायचो. शिवाप्पाअण्णांनी ते काम स्वतःहून घेतलं. दिवसाआड सकाळी आनंदा गिरणीत यायचा, अण्णा पट्टा बंद करायचे, पिठाचे हात धुवायचे, गोळ्या द्यायचे आणि तो गिळेपर्यंत समोर उभे राहायचे. इंजेक्शनाला तो सायकलवरून दवाखान्यात जायचा. इंजेक्शनानं कुल्ले दुखायचे, म्हणून जाताना सीटवर बसायचा आणि येताना सायकल हातात धरून चालत यायचा. एकही चुकवलं नाही. मी एवढ्या वर्षांत इतका शिस्तीचा रोगी बघितला नाही.

त्याच्या घरी बायको शालन आणि मुलगी दीपाली. दीपाली तेव्हा दहावीला होती. तिला नकला करायचा नाद. शिक्षकांच्या, दूधवाल्याच्या, गिरणीत भांडणाऱ्या बायकांच्या. माझी नक्कल तिनं पहिल्या महिन्यातच बसवली. मी घरी गेलो की आनंदा म्हणायचा, "दाखव की गं सायबास्नी." मग ती कंबरेवर हात ठेवून, मान तिरकी करून, माझ्याच आवाजात म्हणायची, "आ करा. जीभ उचला. पाण्याची चैन न्हाय, घोट घोट घ्या." मी पाण्याबद्दल असं काही म्हणत नव्हतो, पण बाकीचं हुबेहूब.

निळा खोका संपत आला. आमचे लॅबवाले मुजावर सकाळचा बेडका काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. निळ्या रंगात बारीक लाल काड्या दिसल्या की जंतू आहेत. त्या दिवशी मुजावर मला म्हणाले, "चौगुले, तुम्हीच बघा एकदा." मी डोळा लावला. सगळीकडे लाल काड्या. सुरुवातीला होत्या तेवढ्याच.

आमच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी आनंदाला तपासलं, बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "याचे जंतू आपल्या औषधांना दाद देत नाहीत. मला महिन्याभरापूर्वीच शंका आली होती."

"मग पुढं काय द्यायचं?"

"आपल्याकडे पुढं काही नाही."

हे मला तेव्हा नीट उमगलं. लाल खोक्यानंतर निळा खोका, आणि निळ्यानंतर कार्यक्रमच संपतो. अशा हट्टी जंतूंवर दुसरी औषधं जगात होती. मोठ्या शहरांत केमिस्टकडे मिळतही होती. पण ती दोन वर्षं घ्यावी लागायची आणि फौंड्रीतल्या माणसाच्या आवाक्यातली नव्हती. सरकारी कार्यक्रमात ती नव्हतीच.

त्या सुमारास आमचं एक प्रशिक्षण झालं. बाहेरून मोठे डॉक्टर शिकवायला आले होते. जाणकार माणूस, बोलणं अगदी मऊ. मी हात वर करून विचारलं, "निळ्या खोक्यानं बरा न झालेल्या माणसाला आम्ही काय सांगायचं?"

ते म्हणाले, "प्रश्न योग्य आहे. पण एका अशा रोग्याला बरं करायला जेवढं लागतं तेवढ्यात आपण साधे टीबीचे कितीतरी रोगी बरे करतो. आणि साधे रोगी नीट बरे केले तर असे रोगी तयारच होणार नाहीत. मोठी गळती आधी थांबवायची."

मी म्हणालो, "सर, पण हा माणूस तयार झालाय."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. "मला माहीत आहे," म्हणाले. त्यांचा हिशोब चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही. दुसऱ्या देशांतले डॉक्टर तेव्हा उलट बाजूनं भांडत होते, की हे जंतू एका माणसात थांबत नाहीत, आज सोडलात तर उद्या सगळ्यांच्या अंगावर येतील. आमच्यापर्यंत ते भांडण झेरॉक्सच्या पुसट कागदावर यायचं. दोन्ही बाजू वाचल्या की दोन्ही खऱ्या वाटायच्या. फरक एवढाच की आनंदाचं घर माझ्या वाटेवर होतं.

त्याला मीच सांगितलं. तो दारातल्या कट्ट्यावर बसला होता.

"सायेब, मी कुठं चुकलो काय?"

"नाही. तुम्ही एकही गोळी चुकवली नाही."

"मग असं कसं?"

मी जंतू शहाणे होतात ते सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजे आमी फौंड्रीत बिगाड निगालेलं कास्टिंग कोपऱ्यात टाकतो, तसं हाय तर." शालनवहिनी आतून चहा घेऊन आल्या, तेव्हा त्यानं विषय बदलला.

त्यानंतर तो वर्षभर जगला. परड्यात पत्र्याचं शेड होतं, त्यात त्यानं आपली बाज नेली, पोरीला लागण नको म्हणून. पण दीपाली ऐकायची नाही. कॉलेजातून आली की शेडच्या दारात बसायची आणि दिवसभराच्या नकला त्याला करून दाखवायची. त्याला हसू आलं की खोकल्याची उबळ यायची. शालनवहिनी ओरडायच्या, "हसवू नगंस गं त्येला." आनंदा हातानंच सांगायचा, करू दे. मी तिला तोंडाला रुमाल बांधायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "काका, रुमाल बांदून नक्कल कशी करू?"

आनंदा पावसाळ्यात गेला.

पुढं साधारण दोन वर्षांनी, दीपाली बारावी होऊन एका कापडाच्या दुकानात काम करत होती तेव्हा, शिवाप्पाअण्णांनी मला गिरणीवर थांबवलं. "सायेब, पोरगी खोकत्या. दळण घिऊन आल्ती, चढ चढताना थांबली दोनदा."

मी घरी गेलो. शालनवहिनींनी मला बघितलं आणि काही न विचारता पोरीला हाक मारली. मी बेडक्यासाठी डबी दिली. दुसऱ्या दिवशी मुजावरांनी काच बघितली आणि मला 'तुम्हीच बघा' असं म्हटलं नाही. नुसती मान हलवली.

आता नियम काय तो ऐका. दीपालीला पूर्वी टीबी झालेला नव्हता. म्हणजे ती नवी रोगी. नव्या रोग्याला लाल खोका. बापाचे जंतू कोणत्या औषधांना जुमानत नव्हते हे आमच्या सगळ्या केंद्राला ठाऊक होतं, पोरीनं तेच जंतू घेतले असणार हेही ठाऊक होतं. पण नियमात 'बाप' हा रकानाच नव्हता.

मॅडमनी वर फोन केला. मी समोर बसलो होतो. त्या आधी समजावून सांगत होत्या, मग आवाज चढला, मग नुसतं "हो सर... हो सर" म्हणत राहिल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "लाल खोका सुरू करा."

"मॅडम, ही तीच औषधं आहेत."

"चौगुले, मला का सांगताय? दुसरं काय देऊ मी? काहीच न देण्यापेक्षा हे देऊ. कदाचित एखादं औषध लागू पडेल."

त्यांनी आपल्या ओळखीनं दीपालीचा बेडका लांबच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथं जंतू वाढवून, त्यांच्यावर एकेक औषध टाकून बघायचे. टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो. निकाल यायला महिने लागले आणि जे आम्हाला ठाऊक होतं तेच त्यात आलं. ज्या दोन औषधांवर सगळा उपचार उभा, ती दोन्ही निकामी. तोपर्यंत दीपाली लाल खोका संपवून, नियमाप्रमाणे नापास होऊन, निळ्या खोक्यावर आली होती.

लाल खोका गिरणीत नेला त्या दिवसाची गोष्ट सांगायची मागं राहिली. शिवाप्पाअण्णांनी तो उघडला, आतली पाकिटं उलटीपालटी करून बघितली. त्यांचं अक्षरज्ञान बेताचं, पण गोळ्यांचा रंग त्यांच्या ओळखीचा होता.

"ह्याच गोळ्या आनंदाला दिल्त्या की मी."

"होय."

"मग?"

"दुसऱ्या नाहीत, अण्णा."

"एन माडोदु," ते स्वतःशीच म्हणाले, काय करायचं आता. त्यांनी खोका फळीवर ठेवला. मला वाटलं ते हे काम सोडतील. सोडलं नाही. दिवसाआड पट्टा बंद करायचे, हात धुवायचे, पण आता पोरगी गोळ्या गिळत असताना दुसरीकडे बघायचे.

पुढं निळ्या खोक्याची इंजेक्शनं चालू होती तेव्हा एकदा मी गिरणीत गेलो. दीपाली पोत्यावर बसली होती. गाल आत गेलेले, पण डोळे तेच. अण्णा गिऱ्हाइकाशी बोलत बाहेर उभे होते. तिनं मला विचारलं, "काका, खरं सांगशीला? ह्या गोळ्या लागू पडनार हाईत काय?"

असे प्रश्न मला रोज यायचे. त्याला आमचं ठरलेलं उत्तर असायचं, 'नियमित घ्या, सगळं बरं होतंय.' ते उत्तर तोंडात आलं आणि तिच्याकडे बघून ते मला म्हणता आलं नाही.

"मला वाटत नाही, बाळ."

तिनं मान हलवली. रडली नाही. म्हणाली, "मला बी वाटलंच हुतं. पप्पांच्या टायमाला मी बघिटल्यात की ह्या गोळ्या." मग म्हणाली, "आईला सांगू नका. ती माझ्यापायी सोमवार धरत्या आनि शुक्रवार बी. गोळ्या चालू हाईत म्हटल्यावर ती जेवत्या तरी मधल्या दिवशी."

"मग तू घेणार?"

"घेतो की. न्हाय घेतलं तर तिला काय दाखवू?"

आणि ती उठली, पाण्याचा तांब्या उचलला आणि माझ्यासमोर एकेक गोळी गिळली. तोंड उघडून दाखवलं. जीभ उचलली. मला बघायचं नव्हतं, पण मी बघितलं, कारण ते माझं काम होतं आणि तिनं ते आईसाठी केलं होतं. त्यानंतर ती आजारात पार खचेपर्यंत दिवसाआड गिरणीत येत राहिली. गोळ्यांनी मळमळायचं, वांती व्हायची, सांधे धरायचे. हा सगळा त्रास तिनं सोसला, आणि त्याचा काही उपयोग नाही हे तिला, मला आणि अण्णांना पक्कं माहीत होतं. आमच्या मासिक अहवालात तिच्या नावापुढं 'नियमित' असं लिहिलं जायचं.

मॅडमची मधेच बदली झाली. जाताना म्हणाल्या, "चौगुले, मी एमडी करायला जाते आहे. पण छातीरोग घेणार नाही." त्यांनी डोळ्यांचा विषय घेतला असं पुढं कळलं. मी त्यांना दोष देत नाही.

दीपालीचा आवाज शेवटी घोगरा झाला, मग बसला. घशापर्यंत रोग गेला होता. मी भेटायला गेलो की ती खूण करायची, कंबरेवर हात आणि मान तिरकी. आवाज नसलेली माझी नक्कल. शालनवहिनी म्हणायच्या, "हसा की सायेब, तुमालाच करून दाखवत्या." मी हसायचो.

ती गेली तेव्हा मी परगावी बैठकीत होतो. त्या बैठकीत आमच्या जिल्ह्याचं बरं होण्याचं प्रमाण चांगलं म्हणून कौतुक झालं, आणि ते खरं होतं. शंभरांत कितीतरी माणसं बरी होत होती. बाकीची आकड्यात उरलेली होती, एवढंच.

मग नव्या शतकाचं पहिलं दशक संपता संपता धोरण बदललं. जगातलं भांडण दुसऱ्या बाजूनं जिंकलं म्हणायचं. हट्टी टीबीची औषधं सरकारी कार्यक्रमात आली, फुकट. टप्प्याटप्प्यानं जिल्हे घेतले, आमचाही घेतला. पुन्हा प्रशिक्षण झालं. नवे शिकवणारे, नवा पडदा, त्यावर लिहिलेलं आलं: अशा रोग्याच्या घरातल्या कुणालाही टीबी झाला तर आधी तपासणी करा, नेहमीची औषधं डोळे झाकून देऊ नका. माझ्या शेजारी मुजावर बसले होते. त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

त्याच वर्षी शिवाप्पाअण्णांचा फोन आला. शालनवहिनी खोकत होत्या.

मी डबी खिशात घालून गेलो. मनात, खरं सांगतो, आनंद होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरी काहीतरी घेऊन जात होतो. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. मी सगळं सांगितलं. नवीन औषध आलंय, मोठं आहे, दोन वर्षं घ्यायचं, फुकट आहे, पहिले काही दिवस दवाखान्यात राहायचं, मी स्वतः येईन. कानाला त्रास होऊ शकतो हेही सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"ह्ये खरं औषध हाय?"

"होय वहिनी, हे खरं आहे."

"मग आदीचं काय हुतं?"

तांदळातला खडा त्यांनी बाजूला काढला.

"ह्ये औषध आत्ताच निगालंय?"

इथं खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणालो. "तेव्हाही होतं."

"हुतं व्हय." त्या ताटाकडे बघत म्हणाल्या. "हुतं, पर आमाला नव्हतं."

"होय."

"दीपालीला बी नव्हतं."

"नाही."

त्यांनी डबी घेतली नाही. मी ती कट्ट्यावर ठेवली. दोन दिवसांनी गेलो तेव्हा ती तिथंच होती, कोरडी, झाकण लावलेली. मी चिडलो, विनवणी केली, अण्णांना मध्ये घातलं. त्या प्रत्येक वेळी चहा करायच्या, माझी चौकशी करायच्या, माझ्या मुलीच्या लग्नाचं विचारायच्या आणि डबीचं नाव काढलं की म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे सायेब." मला वाटलं, आमच्यावरचा विश्वास उडालाय. उडायलाच हवा होता. पुढं त्या घराला कुलूप घालून नेसरीला भावाकडे निघून गेल्या. मी तिकडच्या पर्यवेक्षकाला कळवलं. तो जाऊन आला, त्यालाही चहा मिळाला.

मीही एकदा गेलो. रताळ्याचे वेल काढायचं काम चाललं होतं. त्यांनी लांबून मोटारसायकल ओळखली आणि घरात गेल्या. भाऊ ओशाळला. मी थोडा वेळ बांधावर बसलो आणि परत आलो.

त्या गेल्याचं भावानंच फोन करून सांगितलं. म्हणाला, "सायेब, दिवस होऊ द्यात, मग तुमी या. घरात माझी सून हाय, नातवंडं हाईत. सगळ्यास्नी बघून जावा."

मी गेलो. नेसरीचा पर्यवेक्षकही सोबत होता. अंगणात सगळे ओळीनं बसले होते, एकानंही हरकत घेतली नाही. सून थोडी खोकत होती. आम्ही डब्या दिल्या, बेडका कसा काढायचा ते सांगितलं. निघताना भाऊ गाडीपर्यंत आला. मी त्याला म्हणालो, "तुमच्या आक्कांनी आमच्यावर विश्वास ठेवला असता तर वाचण्याची आशा होती. पण त्यांचा विश्वास उडाला, त्यात त्यांची चूक नाही."

तो म्हणाला, "विस्वास? तसं न्हाय सायेब. मी बी रोज भांडायचो तिच्याशी. ती म्हनायची, औषध खरं हाय, चौगुले खोटं बोलायचे न्हाईत. पर माज्या लेकरानं खोटं औषध पोट भरून खाल्लं माज्यापायी, मला समदं म्हाईत हुतं. आता खरं औषध मी एकटीनं कसं गिळू?"

त्यानं माझ्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दिली, घरच्या आहेत म्हणाला, आणि विचारलं, "सुनंचं कवा कळंल?"

"वेळ लागतो," मी म्हणालो. "जंतू सावकाश वाढतो."